तगरीखालच्या लेंड्यांपासून पतंगापर्यंत : ऑलिअँडर हॉक मॉथ घरी वाढवायचा कसा

पोखरण रोड नंबर दोनवरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कडेने तगरीची रांग आहे. ठाण्यात अशी रांग नसलेली सोसायटी शोधावीच लागेल. सकाळी साडेसहाला दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पिशवी आणि आकडी घेऊन पूजेची फुलं काढायला उतरतात. पावसाचा जोर ओसरला की मी त्यांना रोज एकच प्रश्न विचारते, "आजी, खाली काही पडलंय का?"

"तुझ्या त्या गोळ्या ना? पडल्यात. त्या पांढऱ्या गाडीच्या बाजूला."

त्या गोळ्या म्हणजे अळीच्या लेंड्या. हा सगळा उद्योग तिथूनच सुरू होतो. झाडाकडे बघत बसलात तर अळी दिसणार नाही, कारण ती पानाच्याच रंगाची असते. जमिनीकडे बघितलंत तर ती पाच मिनिटांत सापडते.

कोणाला शोधतोय आपण

ऑलिअँडर हॉक मॉथ, शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. त्यातलं नेरी हे नाव लिनियसने १७५८ साली दिलं. ऑलिअँडर म्हणजे कण्हेर. तिच्या प्रजातीचं नाव नेरियम, त्यावरून नेरी. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ९ ते ११ सेंटिमीटर भरतात. त्यावर हिरव्याच्या पाच-सहा छटा आणि मधून गुलाबी-पांढुरक्या लाटा. लष्करी गणवेशासारखी ही नक्षी बघून काही जण त्याला आर्मी ग्रीन मॉथही म्हणतात. मराठीत आपण सगळ्यांनाच पतंग म्हणून मोकळे होतो. त्यामुळे शेजारच्या मुलाला "पतंग दाखवते" म्हटलं तर तो मांजा घेऊन येतो.

आफ्रिकेपासून आपल्याकडच्या दक्षिण आशियापर्यंत हा पतंग राहतो आणि उडण्यात पट्टीचा आहे. उन्हाळ्यात दक्षिणेकडून निघून युरोपात शिरतो, क्वचित ब्रिटनपर्यंतही पोचतो. तिथल्या थंडीत मात्र त्याचा टिकाव लागत नाही. ठाण्यात त्याला तो प्रश्न नाही. इथे थंडी म्हणजे पंखा दोनवर.

अळी खाते ती कण्हेर, तगर, सदाफुली आणि अलीकडे गॅलऱ्यांमध्ये ज्याचं वेड आलंय ते अडेनियम. चारही झाडं एकाच कुळातली. पान तोडलं की चीक नाहीतर रस येतो आणि तो विषारी असतो. कण्हेरीतली द्रव्यं थेट हृदयावर परिणाम करतात. गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून तर हायवेच्या दुभाजकांवर ती सुखाने फुलते. सदाफुलीतली व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही द्रव्यं कॅन्सरवरच्या औषधांत वापरतात. ही अळी मात्र तीच पानं तुम्ही-आम्ही मेथीची भाजी खावी तशी खाते.

तेव्हा पहिला नियम आधीच सांगते. घरात रांगतं मूल किंवा पानं चघळणारं मांजर असेल तर कण्हेर घरात आणू नका, तगरीवरच्याच अळ्या वाढवा. तगरीचा चीकही डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. पानं हाताळली की साबणाने हात धुवायचे, मग कपाळावरचा घाम पुसायचा. हा क्रम उलटा करून मी एकदा संध्याकाळभर डोळा चोळत बसले आहे.

आधी जमीन, मग झाड

जुलै ते नोव्हेंबर हा चांगला काळ. छाटणी होऊन कोवळी पालवी फुटली की पंधरा दिवसांत झाडाकडे लक्ष ठेवायला लागा.

लेंडी ओळखणं सोपं आहे. हॉक मॉथच्या अळीची लेंडी छोट्या पिंपासारखी असते आणि तिला उभ्या सहा खाचा असतात. चकलीच्या सोऱ्यातून निघालेला तुकडा डोळ्यांपुढे आणा, फक्त अगदी बारीक. ओली, हिरवट-काळी असेल तर ताजी, म्हणजे अळी बरोबर वर आहे. सुकून तपकिरी झाली असेल तर अळी पुढे सरकली किंवा खाली उतरून गेली. लेंडीवरून वयही कळतं. खसखशीएवढी असेल तर अळी लहान, मिरीएवढी असेल तर वर बोटाएवढी अळी बसली आहे आणि तुमच्या हातात चार-पाच दिवसच आहेत.

आता मान वर करा. फांदीच्या टोकाकडची पानं कुरतडलेली दिसतील, काहींचा नुसता देठ आणि मधली शीर उरलेली असेल. तिथून फांदीवरून हळूहळू आत या. लहान अळ्या पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेला चिकटून असतात. मोठ्या दिवसा झाडाच्या आतल्या, खालच्या फांद्यांवर बसतात. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन गेलात तर काम निम्म्या वेळात होतं. वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पार्किंगमध्ये गाड्यांखाली टॉर्च मारणारी बाई कोण, याची चौकशी होते.

अंडी शोधायची असतील तर कोवळ्या पानांच्या दोन्ही बाजू बघा. मोहरीच्या दाण्याएवढं, फिकट हिरवं, चकचकीत, एकेकटं अंडं असतं. या पतंगाची मादी पुंजका घालत नाही. पुंजका दिसला तर तो दुसऱ्या कुणाचा.

दुसऱ्या कुणाचं म्हणजे कुणाचं, हेही माहीत हवं. कण्हेरीवर कॉमन क्रो या फुलपाखराच्या अळ्याही असतात. त्यांच्या पाठीवर काळ्या, लवचिक शिंगांच्या जोड्या दिसतात आणि अंगावर आडवे पट्टे असतात. त्यांचा कोष तर सोन्याचांदीचं पाणी दिल्यासारखा चमकतो. तगरीची पानं गुंडाळून, जाळं करून आत राहणारी बारीक हिरवी अळी असते, ती एका लहान पतंगाची. अळूच्या पानावर डोळ्यांसारख्या ठिपक्यांची अळी सापडली तर तीही हॉक मॉथच, पण जात वेगळी. तिला तगर देऊन उपाशी मारू नका, अळूच द्या. पारिजातकावरच्या जाड अळीचंही तेच. अंगभर केस असलेला सुरवंट असेल तर हात लावायचा नाही, मग तो कुठल्याही झाडावर असो.

आपल्या अळीची खूण पक्की आहे. अंग गुळगुळीत, पोपटी हिरवं. बाजूने एक पांढरी रेघ आणि तिच्या आसपास पांढरे ठिपके सांडलेले. शेपटाकडे एक शिंग. आणि डोक्यामागे, छातीच्या भागावर, निळसर-पांढरे दोन मोठे "डोळे", भोवती काळी कडा. ते खरे डोळे नाहीत. हात जवळ नेलात की अळी डोकं आत ओढून घेते, छाती फुगवते आणि ते डोळे वटारले जातात. पहिल्यांदा बघताना मी खरोखर दोन पावलं मागे सरकले होते. शिंग टोचत नाही, अळी डंख मारत नाही. फार छेडलंत तर तोंडातून हिरवा रस ओकते, एवढंच.

येऊरच्या बाजूला फिरायला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे. तिथून अळी, अंडं, पान, काहीही उचलून आणायचं नाही. बघा, फोटो काढा, परत या. वाढवायला सोसायटीच्या कुंपणावरच्या अळ्या पुष्कळ आहेत.

किती आणायच्या

पहिल्यांदा दोन. फार तर तीन. एका डब्यात दहा कोंबल्या की रोग एकीचा दहा जणींना लागतो, आणि शेवटच्या आठवड्यात दहा अळ्यांना पानं पुरवताना तुम्हीच अख्खं कुंपण बोडकं करता.

शक्य असेल तर अंडं किंवा अगदी लहान अळी आणा. बाहेर मोठी झालेली अळी आणली तर तिच्या अंगात आधीच कुणीतरी बिऱ्हाड केलेलं असण्याची शक्यता जास्त. त्याबद्दल पुढे.

घर

अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा पहिले आठ-दहा दिवस पुरतो. झाकणाला दाभणाने भोकं पाडायची ती बाहेरून आत नाही, आतून बाहेर, म्हणजे धारदार कडा आत येत नाहीत. तळाला वर्तमानपत्राचा तुकडा. त्यावर देठासकट दोन कोवळी पानं. बस्स.

अळी अडीच-तीन सेंटिमीटरची झाली की मोठी जागा हवी. बाजारात तान्ह्या बाळाला झाकायची छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी मिळते, माझ्या मते तिच्याहून चांगलं काही नाही. हवा खेळते, सगळ्या बाजूंनी चढायला जाळी मिळते आणि काम झालं की मिटून कपाटामागे ठेवता येते. ती परातीत किंवा ट्रेवर ठेवायची. आत फांदी ठेवायची असेल तर अरुंद तोंडाच्या छोट्या बाटलीत पाणी भरून देठ खोचायचा आणि बाटलीच्या तोंडाशी कापूस गच्च बसवायचा. कापूस विसरलात तर अळी देठावरून खाली उतरते, थेट पाण्यात जाते आणि बुडते.

मुंग्या हा ठाण्यातल्या घराचा कायमचा प्रश्न. दुधाच्या पातेल्यासाठी आई करायची तेच करायचं : परातीत पाणी, पाण्यात पालथी वाटी, वाटीवर डबा. जाळी असेल तर तिच्या ट्रेखाली चार वाट्या.

जागा ऊन न येणारी, पण उजेडाची. आणि ज्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन किंवा कॉइल लावता त्या खोलीत अजिबात नाही. डासाला मारणारं औषध अळीला ओळखून सोडून देत नाही. आमच्याकडे अळ्यांच्या दिवसांत हॉलमध्ये मशीन बंद असतं आणि घरातले बाकीचे लोक पाय खाजवत माझ्याकडे बघत असतात.

पानं

जिथे सापडली त्याच झाडाची पानं द्या. कण्हेरीवरची मोठी अळी तगरीकडे ढुंकूनही बघत नाही असं होतं, उलटही होतं. अंड्यातून तुमच्याकडेच बाहेर आली असेल तर पहिल्या दिवसापासून तगर लावायची.

पानं कुठून आणता याला फार महत्त्व आहे. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडाची नकोत. त्यावर औषध मारलेलं असतं आणि काही औषधं झाडाच्या रसातच भिनलेली असतात, धुऊन जात नाहीत. सोसायटीत फवारणी झाली असेल तर निदान दोन-तीन आठवडे त्या कुंपणाला हात लावू नका. एका वर्षी फवारणीची नोटीस लागली होती, ती मी वाचली नाही. सकाळी आणलेल्या पानांवर दुपारपर्यंत दोन अळ्या लुळ्या पडल्या, हिरवं ओकल्या आणि संपल्या. त्या दिवसापासून आमच्या नोटीस बोर्डाची माझ्याइतकी नियमित वाचक दुसरी कुणी नसेल.

पानं धुवायची, झटकायची, कापडाने पूर्ण कोरडी करायची. पावसाळ्यात ओली पानं दिली की अळीचं पोट बिघडतं आणि डब्याला बुरशी धरते. पानांची जुडी कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात तीन-चार दिवस राहते, पण डब्यावर "विषारी, भाजी नाही" असं ठसठशीत लिहून. कण्हेर असेल तर फ्रिजमध्ये ठेवूच नका, रोज ताजी आणा.

लहान अळीला कोवळं पान, मोठीला जून चालतं. शेवटच्या टप्प्यात एक अळी दिवसाला किती खाते हे आकड्यात सांगण्यापेक्षा असं सांगते : रात्री झोपण्यापूर्वी भरगच्च फांदी ठेवायची, सकाळी काड्या उरतात. या दिवसांत शांत घरात खाण्याचा कुरकुर आवाज ऐकू येतो. लेंड्या कागदावर पडल्याचा टप टप आवाज तर नक्कीच येतो.

स्वच्छता रोज. कागद बदलायचा, सुकलेली पानं काढायची. अळी पानावर बसली असेल तर पानासकट उचलायची. ती पायांनी घट्ट धरून ठेवते, ओढून काढलीत तर पाय तुटतात.

कोणत्या दिवशी काय दिसतं

आपल्याकडच्या हवेत अंडं तीन ते पाच दिवसांत फुटतं. बाहेर येते ती तीन-चार मिलिमीटरची पिवळीधमक अळी आणि तिच्या शेपटाला तिच्या मानाने अवाढव्य, केसासारखं काळं शिंग. पान पोटात गेलं की हिरवी होते.

पुढचे साधारण पंधरा ते वीस दिवस ती खाते आणि कात टाकते. चार वेळा कात, म्हणजे पाच टप्पे. नवख्या माणसाचा जीव टांगणीला लागतो तो इथे. कात टाकण्याआधी अळी एक दिवस, कधी जास्त, अगदी निश्चल बसते. खात नाही, हलत नाही, डोकं अंगाच्या मानाने इवलंसं दिसतं. आजारी नाही ती. हलवू नका, पान बदलू नका, फुंकर मारू नका. पायांची पकड सुटली तर जुनी कात नीट उतरत नाही आणि अळी त्यातच अडकते. कात टाकल्यावर काही अळ्या ती खाऊनही टाकतात.

शेवटच्या टप्प्यात शिंगाचं रूप पालटतं. लांब, काळं, बारीक होतं ते आता आखूड, जाडसर, नारिंगी-पिवळं होतं, टोकाला काळं आणि खाली वळलेलं. लांबी साडेसात-आठ सेंटिमीटरपर्यंत जाते. हे शिंग दिसलं की पुढच्या विभागाची तयारी करा, कारण तिथेच सर्वांत जास्त लोक चुकतात.

अळी तपकिरी झाली म्हणजे मेली नाही

एका संध्याकाळी तुमची हिरवीगार अळी मळकट दिसू लागेल. पाठ काळपट, बाजू तपकिरी. खाणं बंद. लेंडीऐवजी ओलसर घाण पडेल. आणि मग ती झाडावरून खाली उतरून डब्यात गोल गोल धावत सुटेल.

मी पहिल्या वर्षी हे बघून रडकुंडीला आले होते. तिला उचलून पुन्हा पानावर ठेवलं, ती उतरली. पुन्हा ठेवलं, पुन्हा उतरली. रात्री बारापर्यंत आमचं हे चाललं होतं. तिला जमीन हवी होती आणि मी तिला जेवायला बसवत होते.

ही अळी झाडावर कोष करत नाही. ती जमिनीवर पडलेल्या पाचोळ्यात शिरते, दोन-चार सुकी पानं विरळ पिवळसर धाग्यांनी सांधते आणि आत पडून राहते. तेव्हा अळी मळकट दिसली की लगेच तिला दुसऱ्या डब्यात हलवा. तळाला किंचित ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन-चार सेंटिमीटर, वर सुक्या पानांचा आणि फाडलेल्या टिश्यू पेपरचा थर. कोकोपीट मुठीत दाबलं तर पाण्याचा थेंब पडता कामा नये. झाकण लावा, कापड टाका, अंधार करा. तासाभरात ती आत गडप होते.

आता चार-पाच दिवस उघडायचं नाही. या काळात अळी आखडून, सुरकुतून नुसती पडलेली असते. बोट लावलंत आणि धागे तुटले तर पुन्हा विणायला तिच्याकडे बळ नसतं.

इथेच सोसायटीच्या कुंपणाचं गणितही कळतं. फवारणी चुकवून, पक्षी चुकवून मोठी झालेली अळी शेवटी पाचोळ्यात उतरते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खराट्याने तो पाचोळा कचऱ्याच्या गाडीत जातो. आमच्या माळीकाकांशी मी यावर बोलले. ते म्हणाले, "ताई, पान पडलेलं दिसलं की कमिटीवाले मला बोलतात. अळ्यांचं तुम्ही बघा, शिव्या मी खातो." रास्त होतं. शेवटी ठरलं ते असं : पाण्याच्या टाकीमागची दोन मीटर तगर छाटायची नाही आणि तिच्याखाली झाडायचं नाही. तिथे कुणाची नजर जात नाही. अळ्यांनी बोडकी केलेली तगर तीन आठवड्यांत पुन्हा पालवते, हे काकांनीच मला दाखवलं.

कोष

आठवड्याने पानं हलकेच बाजूला करा. सहा-सात सेंटिमीटरचा फिकट तपकिरी कोष दिसेल. बाजूने काळ्या ठिपक्यांची ओळ, ती श्वासाची छिद्रं. पुढच्या बाजूला, सोंड जिथे तयार होते आहे तिथे, एक काळी रेघ. बोट लागलं की शेपूट वळवळते. म्हणजे सगळं ठीक.

आता त्याला मच्छरदाणीत न्यायचं. खाली टिश्यूचा थर, त्यावर कोष आडवा. दिवसाआड टिश्यूच्या कडेवर दोन थेंब पाणी, कोषावर नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे विसरू नका, पावसात याची गरजच नसते.

जाळीची उंची निदान फूटभर हवी आणि भिंती खडबडीत. हे मी जोर देऊन सांगते, कारण माझा पहिला पतंग श्रीखंडाच्या डब्यात बाहेर आला. मी कोष तिथेच ठेवून दिला होता. सकाळी झाकण काढलं तर आत पूर्ण वाढलेला, देखणा पतंग आणि पंखांच्या जागी चुरगळलेल्या दोन घड्या. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याला चढता आलं नव्हतं. पंख लटकवायला जागा मिळाली नाही की ते तसेच वाळतात आणि मग काहीही करून सरळ होत नाहीत. तो चार दिवस जगला. मी त्याला काडीने मधपाणी पाजत होते, त्याचा काही उपयोग नव्हता.

बाहेर येण्याची रात्र

कोषात साधारण दोन आठवडे, कधी तीन. डिसेंबर-जानेवारीत आणखी लांबतं. शेवटच्या दिवसांत कोष गडद होत जातो. त्यानंतर रात्री जाळीकडे एक डोळा ठेवा.

बाहेर येतो तेव्हा तो ओला, पंख इवलेसे, पोट फुगलेलं. पहिल्या काही मिनिटांत सरळ जाळीवर चढतो आणि लटकतो. मग पंखांत द्रव भरत जातो आणि ते डोळ्यांसमोर उलगडतात. पूर्ण वाळायला काही तास लागतात. या वेळात जाळीला धक्का नको, पंखा नको, मुलांची बोटं नकोत. मधेच पोटातून पिवळट-तपकिरी पाण्याची पिचकारी सोडतो. ते रक्त नव्हे, कोषातला साठलेला निचरा. खाली कागद असू द्या, पडद्यावरचा डाग जात नाही.

त्याच रात्री वाळला नसेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जाळीत, अंधाऱ्या कोपऱ्यात राहू द्या. त्यापुढे ठेवू नका. आपल्या सह्याद्रीतल्या ॲटलास मॉथला मोठेपणी खाण्यासाठी कामाचं तोंडच नसतं, साठवणीवर तो जगतो. हॉक मॉथ तसा नाही. त्याला लांब सोंड आहे, भूक आहे. एका जागी हवेत तरंगत फुलातला मध ओढणं हे त्याचं काम, आणि ते जाळीत होत नाही.

बिघडतं तेव्हा

अळी काळी पडून, लुळी होऊन लटकली आणि वास यायला लागला, तर तो जंतूंचा आजार. ती कागदात गुंडाळून टाकायची, डबा गरम पाणी आणि साबणाने धुऊन कडक उन्हात ठेवायचा, उरलेल्या अळ्या नव्या डब्यात. उपाय नाही.

अळीच्या अंगावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे दिसले तर ती तिची अंडी नव्हेत, बहुधा छोट्या गांधीलमाश्यांचे कोष असतात. कधी कोषातून पतंगाऐवजी पांढरी अळी निघते आणि तिची माशी होते. या माश्या आपली अंडी अळीवर किंवा अळीत घालतात आणि त्यांची पिल्लं तिला आतून खातात. पहिल्यांदा बघताना पोटात ढवळतं. पण या माश्या आहेत म्हणून तर तगर उभी आहे. त्यांनाही गॅलरीतून सोडून द्या.

नोंद

थॉमस बेल नावाचे एक वनाधिकारी कारवारच्या भागात होते. अळ्या गोळा करून, वाढवून, रोज टिपणं करत त्यांनी आपल्याकडच्या हॉक मॉथची जीवनकथा जुळवली, आणि १९३७ साली ती स्कॉट यांच्यासह पुस्तकरूपाने आली. काम हेच होतं : डबा, पान, तारीख. तुम्हीही वहीत तारीख, झाड, लांबी लिहा. प्रत्येक टप्प्याचा फोटो एक रुपयाचं नाणं शेजारी ठेवून काढा. फोटो आयनॅचरलिस्टवर किंवा मॉथ्स ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर टाकता येतात. जुलैअखेरीस मॉथ वीक असतो, तेव्हा नोंदी बघणारेही जास्त असतात.

सोडताना

वेळ संध्याकाळी साडेसात-आठची. दिवसा सोडलात तर कावळा वाटच बघत असतो. जागा शक्यतो मधुमालतीजवळची. तिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, पुढच्या दोन दिवसांत गुलाबी आणि मग लाल होतात. पांढरी, ताजी असताना त्यांच्या लांब नळीत सोंड घालायला येणारा मुख्य पाहुणा म्हणजे हॉक मॉथ. मधुमालती नसेल तर जाई, जुई, रातराणी.

जाळी उघडून त्याला बोटावर चढू द्या. तो लगेच उडणार नाही, थरथरायला लागेल. पंख न उघडता नुसते कापतात, आणि शेजारचे म्हणतात, "अगं, थंडी वाजतेय का त्याला?" जवळजवळ तेच. उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय इतकं जड अंग हवेत उचलत नाही, म्हणून तो आधी इंजिन गरम करतो. मिनिट-दोन मिनिटं लागतात. हात स्थिर ठेवा.

आणि त्याआधी आसपासचे दिवे बंद करा, गॅलरीतला आणि घरातलाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये आजी, त्यांची नात आणि मी, तिघींनी श्वास रोखून एकाला सोडलं. तो सुंदर उठला, मधुमालतीवरून एक गिरकी घेतली आणि थेट वॉचमनकाकांच्या केबिनवरच्या पांढऱ्या एलईडीवर जाऊन आपटला. तिथे दोन पाली कायम ड्युटीवर असतात. मी चार मजले धावत उतरले, काकांनी दिवा घालवला, तो भिंतीवरून उठून अंधारात गेला. केबिनचा दिवा पाच मिनिटं बंद ठेवायला त्यांना आधीच सांगून ठेवा.